विश्वासू मालकांची रांग

मला आयर्लंडमधली नोकरी मिळाली ती माझ्या मैत्रिणीमुळे. तिनं शिफारस केली वगैरे नाही. त्या नोकरीसाठी आधी तिलाच विचारलं होतं.

आम्ही दोघी पुण्यात कर्वेनगरला एका खोलीत सहा वर्षं राहिलो. मी वर्ध्याची, ती चिपळूणची. हिंजवडीत एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर कामाला. सकाळी कंपनीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसायची कारण तिला बस लागायची, आणि मी तिच्या शेजारी बसायचे कारण पिशवी धरायला कुणीतरी हवं असायचं. परदेशात जायचं ठरवलं तेही दोघींनी मिळूनच. मुलाखतींची तयारी आम्ही खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या दारावर मार्करनं लिहून केली. ती प्रश्न विचारायची, मी उत्तर लिहायचे, आणि ती ओल्या फडक्यानं ते पुसून म्हणायची, "परत. आता न अडखळता." माझ्यापेक्षा ती हुशार होती. हे मी नम्रपणानं म्हणत नाही. आमच्या मजल्यावर सगळ्यांना ते ठाऊक होतं.

पहिली नोकरी तिलाच लागली. डब्लिनमधली जेमतेम पंधरा-वीस माणसांची कंपनी. अंध माणसांना मोबाइलवर बँकेची, दवाखान्याची कामं स्वतःची स्वतः करता यावीत यासाठी ते काहीतरी बनवत होते. ती त्या कामाच्या प्रेमातच पडली. डोळे मिटून फोन वापरायची आणि मला हाका मारायची, "बघ, मी आत्ता आईला फोन लावला की बॉसला ते सांग."

तिनं होकार कळवला त्याच आठवड्यात डब्लिनच्याच एका मोठ्या कंपनीतून तिला मेसेज आला. तुमचा अनुभव आवडला, बोलू या का, असा.

"बोलून तर बघ," मी म्हटलं. "केवढी मोठी कंपनी आहे!"

"मी त्या लोकांना शब्द दिलाय." ती फोनवर काहीतरी टाइप करत होती. "तुझा नंबर देतेय."

"माझा? मला घेतील?"

"नाही घेतलं तर नाही. घेतलं तर आपण एकाच गावात असू ना."

त्यांनी मला घेतलं. चार फेऱ्या झाल्या, आणि शेवटच्या फेरीत विचारलेला प्रश्न आमच्या कपाटाच्या दारावर तीनदा लिहून पुसलेला होता.

युरोपाबाहेरच्या माणसाला आयर्लंडमध्ये नोकरी करायची तर आधी तिथल्या सरकारचा कामाचा परवाना लागतो. तो मिळाल्याशिवाय व्हिसाचा अर्जसुद्धा करता येत नाही. ज्या कामांना तिथं माणसं पुरत नाहीत त्या कामांसाठी एक खास परवाना आहे, आणि आम्हा दोघींचा अर्ज त्याच परवान्यासाठी होता. फरक फक्त कंपन्यांमध्ये होता. ज्या कंपन्या वरचेवर बाहेरून माणसं आणतात, त्यांची कागदपत्रं सरकार एकदाच तपासून ठेवतं आणि त्यांना 'ट्रस्टेड पार्टनर' म्हणतं. म्हणजे विश्वासू मालक. त्यांच्या माणसांचे अर्ज वेगळ्या रांगेत लागतात आणि ती रांग भराभर सरकते. बाकीच्या कंपन्यांची रांग साधी. माझी कंपनी विश्वासू होती. तिची छोटी, नवी, त्यामुळे साधी.

"म्हणजे दर्शनाला असते तशी पासवाली रांग," ती म्हणाली. "तू जा पुढं, मी चपला सांभाळत बसते." त्या दिवसापासून ती मला 'विश्वासू बाई' म्हणायला लागली.

खात्याच्या संकेतस्थळावर एक लहानसा तक्ता असायचा. सध्या कुठल्या तारखेला आलेले अर्ज बघायला घेतले आहेत, ते त्यात दिलेलं असे. विश्वासूंची एक ओळ, साध्यांची एक. चहाचं आधण ठेवून आम्ही तो तक्ता उघडायचो. माझ्या ओळीतली तारीख दर दोन-तीन दिवसांनी उडी मारायची. तिची आठवडा आठवडा हलायचीच नाही. चहा गाळताना ती गाळणी जरा जास्त वेळ आपटायची.

माझा परवाना तिसऱ्या आठवड्यात आला. दुपारी, ऑफिसात. ती समोरच्याच काचेच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. मला तिची पाठ दिसत होती आणि पाठीवर सैल सुटलेली वेणी. मी ईमेल वाचला, बंद केला आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. तिला लगेच जाऊन सांगायला हवं होतं. मी संध्याकाळपर्यंत थांबले. बसमध्ये बसल्यावर सांगितलं, तेही तिनं खिडकी उघडून बाहेर तोंड केल्यावर.

तिनं झटकन मान वळवली. "आत्ता सांगतेस? कधी आला?"

"दुपारी."

"वेडी आहेस का गं तू?" असं म्हणून तिनं मला भर बसमध्ये मिठी मारली. त्या दिवशी चांदणी चौक ओलांडेपर्यंत तिला बस लागली नाही.

मग तुळशीबागेत, लक्ष्मी रोडवर खरेदी सुरू झाली. यादी तिचीच. "कुकर एकच ने, आपल्याला एकच लागेल. मसाल्याचा डबा मी आणते. पोळपाट तू, लाटणं मी." मी म्हटलं, लाटण्याशिवाय मी तोवर पोळ्या कशा करू? ती म्हणाली, "तोवर म्हणजे किती? महिना-दीड महिना. भात खा."

दरम्यान तिनं राजीनामा देऊन टाकला होता. आमच्या कंपनीत तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागायची. परवान्याची वाट बघत बसलं तर डब्लिनवाले कंटाळतील, म्हणून तिनं होकारासोबतच राजीनामाही दिला होता. मीही दिला होता, पण माझ्या नव्या कंपनीनं उरलेल्या नोटिशीचं काय ते परस्पर मिटवलं. विमानतळावर ती मला सोडायला मुंबईपर्यंत आली. आत जाताना मी मागं वळले तर ती ट्रॉलीवर कोपर टेकवून मजेत उभी. जणू पुढच्या बसनं येणारच आहे.

डब्लिनमध्ये मी सँट्रीत राहायचं ठरवलं. ऑफिस तिथून पायी होतं आणि बागेतून रस्ता होता. शहरात राहायला जागा मिळणं म्हणजे दुसरा परवाना मिळवण्यासारखंच काम, पण कंपनीनं मदत केली आणि दोन बेडरूमचा एक फ्लॅट मिळाला. दलालानं विचारलं, एकटीसाठी दोन कशाला? मी म्हटलं, मैत्रीण येतेय. तो म्हणाला, "ग्रँड." इथं कशालाही ग्रँडच म्हणतात. बरंय, ठीक आहे, चालेल, काही लागलं नाही ना, सगळं त्या एका शब्दात.

पहिल्याच रविवारी मी तिला व्हिडिओवर घर फिरवून दाखवलं. एका कपाटात गरम पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर फळ्या. आयरिश लोक कपाटाला प्रेस म्हणतात, आणि या कपाटाला हॉट प्रेस.

"तुमच्याकडे इस्त्री कपाटात राहते?" तिनं विचारलं.

"इस्त्री नाही गं. धुतलेले कपडे ठेवायचे, उबेनं कोरडे होतात."

"मग माझी खालची फळी. मला वर हात पुरत नाही."

बागेकडची खोली तिला दिली. तिथून विमानं अगदी खाली उतरताना दिसायची, चाकं मोजता येतील इतकी. पडद्यांचा रंग तिनं निवडला, हळदीसारखा पिवळा. मी तो दुकानांत शोधत दोन शनिवार फिरले. टेबल खिडकीशी लावलं. पलंगावर चादर घातली, आणि आठवड्यातून एकदा उगाचच ती बदलत राहिले.

तक्ता मात्र मी रोज बघत होते. आता मला माझ्या ओळीशी काही कर्तव्य नव्हतं, फक्त तिच्या. ऑफिसला जाताना बागेत एका बाकाशी थांबायचं, फोन उघडायचा, आणि तिला मेसेज करायचा: हलली नाही. किंवा: दोन दिवसांनी हलली. पुण्यात तेव्हा दुपार असायची. ती उत्तरादाखल जेवणाचा फोटो पाठवायची. एकटीचं ताट. तिची नोटीस संपली होती, नोकरी संपली होती, आणि कर्वेनगरची खोली तिनं महिन्या-महिन्याच्या बोलीवर चालू ठेवली होती.

दीड महिन्याचे चार महिने झाले. आणि मग एका सकाळी, मी त्या बाकाशी पोचण्याआधीच, तिचा फोन आला.

"आलं," ती म्हणाली.

"आला परवाना?"

"नकार आला."

मी तिथंच चिखलात उभी राहिले. तिनं पत्र मला वाचून दाखवलं, सावकाश, प्रत्येक आकडा उच्चारून. इथं नियम असा की परवाना देताना कंपनीतली निम्मी तरी माणसं युरोपातली असायला हवीत. तिच्या कंपनीनं अर्ज केला तेव्हा ती होती. अर्ज रांगेत पडून असताना त्यांचा एक आयरिश पोरगा नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला गेला. काही कारण नाही, मित्र गेले म्हणून तोही गेला. इथल्या तरुण पोरांचं ते नेहमीचंच आहे. अर्ज उघडला त्या दिवशी हिशेब एका माणसानं चुकला.

"एका माणसानं?"

"हो. त्याला तिथं कंटाळा आला म्हणे." ती हसायला लागली. "अगं, एक माणूस आयर्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेला म्हणून मी चिपळूणहून आयर्लंडला जाऊ शकत नाही. हे आईला कसं समजावू?" हसता हसता तिचा आवाज फाटला आणि तिनं फोन ठेवला.

तिचा मालक भला माणूस होता. त्यानं फेरविचाराचा अर्ज केला. आधी इथलं कुणीतरी घेतो, मग पुन्हा तुझा अर्ज घालतो, असंही त्यानं सांगितलं. पण इथलं कुणी मिळत असतं तर त्यानं पुण्यात शोधलं कशाला असतं? काही महिने त्यानं तिला पुण्यात बसूनच काम करू दिलं. ती आयर्लंडच्या वेळेनं जेवायची, आयर्लंडच्या सुट्ट्या पाळायची. सेंट पॅट्रिकच्या सणाला इथं सगळे हिरवं घालतात, तेव्हा तिनंही हिरवा कुर्ता घालून मला फोटो पाठवला. फेरविचारातही नकारच आला. आणि पुढच्या हिवाळ्यात ती कंपनीच बंद झाली.

मला या काळातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर ती खोली. आमच्या ऑफिसात परवान्यांचं काम बघणारी एक आयरिश बाई होती, कॉर्कची, बोलायला मोकळी. ती एकदा चहाला घरी आली आणि दार उघडं असलेल्या त्या खोलीकडे बघून म्हणाली, "या शहरात लोक गाडीत झोपतायत आणि तुझ्याकडे एक पलंग रिकामा आहे." तिनं रागानं म्हटलं नव्हतं. पण मला दोन दिवस ते टोचत राहिलं. शेवटी मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलं. मिरजेला शिकलेली एक डॉक्टर मुलगी सरकारी हॉस्पिटलात रुजू होत होती, तिचा लगेच फोन आला.

मैत्रिणीला हे सांगायला मी आठ दिवस लावले. सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती, फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, मला तिची फक्त हनुवटी आणि हात दिसत होते.

"दे ना मग," ती म्हणाली. "त्या खोलीचं काय लोणचं घालायचंय?"

"तू आलीस की ती दुसरीकडे बघेल. तसं बोललेय मी."

"बरं." मेथीची एक काडी तिनं तीनदा मोडली. "पडदे काढू नकोस पण."

डॉक्टर मुलगी चांगली होती. अजूनही आम्ही दोघी तिथंच राहतो. तिच्या ड्युट्या अशा असतात की कधीकधी चार दिवस आमची गाठ फक्त फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून पडते. तिच्याशी माझं कधी भांडण झालं नाही. पूर्वी कर्वेनगरला आमची रोज एक तरी चकमक व्हायची. पंखा किती नंबरवर ठेवायचा, गॅस कुणी उघडा टाकला, यावरून. भांडायला माणूस नसणं इतकं जाणवेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. इथं मी कुणाशी मोठ्यानं बोलतच नव्हते. ऑफिसात सगळे हळू बोलतात, आणि रागावले की आणखी हळू.

तिला पुण्यात दुसरी नोकरी लागली. आधी रोज होणारे फोन मग दोन दिवसांनी, मग रविवारी. ती नव्या माणसांविषयी सांगायला लागली, आणि त्यांतलं कोण कोण ते माझ्या लक्षात राहीना. एकदा मी विचारलं, "हा तोच का, डबा विसरणारा?" ती म्हणाली, "तो तर कधीच सोडून गेला. तुला सांगितलं होतं मी." सांगितलं असणार.

दोन वर्षांनी इथं राहायच्या माझ्या सरकारी कार्डावरचा शिक्का बदलला. आता मला परवान्याची गरज उरली नाही, हवी तिथं नोकरी करायला मी मोकळी. कॉर्कच्या बाईनं केक आणला. त्याच सुमारास मला आमच्या विभागात माणसं निवडायच्या कामावर घेतलं. मुलाखती मी घ्यायच्या, पसंत पडलेल्यांची नावं त्या बाईकडे द्यायची, आणि मग ती अर्ज विश्वासूंच्या रांगेत घालायची. मी नाव दिलं की महिन्या-दीड महिन्यात ते माणूस दारात उभं. बंगळुरूहून, हनोईहून, साओ पावलोहून. मला दर वेळी नवल वाटायचं, आणि दर वेळी तिची न हलणारी ओळ आठवायची.

मग एक जागा निघाली जी अक्षरशः तिच्यासाठीच होती. आमचं सॉफ्टवेअर अंध आणि कमी दिसणाऱ्या माणसांना वापरता येईल असं करणं, तेच तिचं जुनं काम. मी कॉर्कच्या बाईला तिच्याविषयी सगळं सांगितलं. मुलाखतीला मी बसणार नाही, ओळखीची आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, "दुसरे लोक घेतील मुलाखत. तिनं फक्त हो म्हणू दे. तू तिच्यासाठी चादर बदलेपर्यंत ती इथं असेल."

मी रविवारची वाट बघितली नाही. बुधवारीच फोन लावला. दोन वर्षांत मी इतकं भरभर बोलले नसेन. काम काय आहे, माणसं कशी आहेत, रांग आता कशी दोन-तीन आठवड्यांचीच आहे, निम्म्या माणसांचा प्रश्न इतक्या मोठ्या कंपनीत येतच नाही. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय." मग म्हणाली, "आता नको गं."

"का? एकदा मुलाखत तर दे."

"बाबा इथं राहायला आलेत माझ्याकडे. आई गेल्यापासून ते चिपळूणला एकटे राहात नाहीत, तुला माहितीये. आणि माझ्या हाताखाली आठ जण आहेत आता, त्यांतली दोन मुलं स्वतः अंध आहेत. त्यांना मी शोधून आणलंय."

"तू तेव्हा सगळं सोडून निघाली होतीस."

"तेव्हा मी बॅग भरून बसले होते. चार महिने बसले. आता ती बॅग कुठल्या माळ्यावर आहे तेही मला सांगता येणार नाही." तिचा आवाज कडू नव्हता. मला तो कडू असता तर बरं वाटलं असतं. "मी येईन ना तुझ्याकडे," ती म्हणाली. "राहायला नाही. बघायला."

ती मे महिन्यात खरंच आली, नऊ दिवसांसाठी. डॉक्टर मुलगी मिरजेला सुट्टीवर गेली होती, तिनं आपणहून खोली देऊ केली. विमानतळावरून सँट्री म्हणजे हाकेच्या अंतरावर. ती घरात शिरली, सरळ बागेकडच्या खोलीत गेली, आणि पिवळे पडदे हातात धरून बघितले. "उन्हानं विटलेत," म्हणाली. "इथं ऊन पडतं तर!" मग हॉट प्रेस उघडून खालच्या फळीवर तिनं आपले दोन कुर्ते ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "कुकर कुठंय?"

आम्ही भांडलो. दुसऱ्याच दिवशी, खिडकी उघडी ठेवण्यावरून. मला इतका आनंद झाला की मी भांडण लांबवलं.

तिला कुठं कुठं न्यायचं याची मी यादी केली होती. समुद्राकडे, गॉलवेला. तिनं यादी बघितली आणि म्हणाली, "आधी मला माझ्या ऑफिसात जायचंय."

मला कळेना. मग कळलं. त्या बंद पडलेल्या कंपनीचा पत्ता. परवान्याच्या अर्जावर, व्हिसाच्या तयारीत, फेरविचाराच्या अर्जावर, बँकेच्या चौकशीत, तिनं तो इतक्या वेळा लिहिला होता की रस्त्याचं नाव, घराचा नंबर, पिनकोड, सगळं तिला घडाघडा पाठ होतं. आम्ही बसनं शहरात गेलो. नदीपलीकडच्या एका गल्लीत विटांची जुनी इमारत, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, बाजूला एक निळं दार आणि घंटीची बटणं. दुसऱ्या मजल्याच्या बटणापुढे आता एका दंतवैद्याची पाटी होती.

ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून वर बघत राहिली. "ती खिडकी," ती म्हणाली. "व्हिडिओवर मीटिंग चालू असायची ना, तेव्हा त्यांच्या मागं खिडकीतून समोरच्या घराचं धुराडं दिसायचं मला. म्हणजे मी रोज हीच भिंत बघत होते." ती वळली आणि आमच्या पाठीमागच्या घराचं धुराडं शोधून मला दाखवलं. खरंच होतं.

मी तेव्हा म्हटलं. इतकी वर्षं म्हणायचं राहिलेलं. "माझी नोकरी तुझी होती गं. त्यांनी तुला विचारलं होतं."

"आणि मी नाही म्हटलं होतं."

"म्हणून तू अडकलीस. हो म्हटलं असतंस तर..."

"हो म्हटलं असतं तर मी आले असते आणि तू कर्वेनगरला बसली असतीस तक्ता बघत. आणि तू माझ्यापेक्षा जास्त रडली असतीस." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "किती वर्षं हे घेऊन फिरतेयस?"

माझे डोळे भरून आले होते आणि नाक गळत होतं, तिथल्या वाऱ्यात ते एरवीही गळतंच. सायकलवाला म्हातारा हातातलं चाक खाली ठेवून दारात आला. दोन बायका इतका वेळ एका भिंतीकडे बघत का उभ्या आहेत, असं त्याला वाटलं असणार. रस्ता चुकलात का, असं त्यानं विचारलं.

मी काही बोलायच्या आत तिनं हात उंचावला. "नो नो, वी आर ग्रँड!" अगदी इथल्यासारखं, शेवटचा ड गिळून. काही महिने पुण्यात बसून आयरिश माणसांशी बोलल्याचा तो परिणाम. म्हातारा हसला, अंगठा दाखवून आत गेला. ती माझा दंड धरून मला कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात घेऊन गेली आणि तिथं तिनं तिच्या त्या जुन्या मालकाला ईमेल लिहिला: मी तुमच्या दाराशी येऊन गेले, तुमच्या जागी आता दात काढतात. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं. तो आता पार पश्चिमेला क्लेअरमध्ये, एनिस गावाजवळ राहतो, या म्हणाला. आम्ही गेलो नाही. गॉलवेलाही गेलो नाही. उरलेले दिवस बहुतेक घरीच काढले, पोळ्या करत, बागेत फिरत, तिच्या टीमच्या गोष्टी ऐकत. या वेळी मी सगळी माणसं लक्षात ठेवली.

ती गेली त्या दिवशी मी पूर्ण दिवसाची रजा टाकली होती. तिच्या बॅगेत बाबांसाठी इथल्या लोण्याची चार पाकिटं होती आणि तपासणीच्या दारात त्यावरून काहीतरी वाद चालला होता. मला काचेतून फक्त तिचे हातवारे दिसत होते. लोणी घेऊनच ती पुढं गेली. मागं वळून बघायला तिला सवड झाली नाही.

बाहेर आले तर सकाळचे साडेदहा. आता दिवसभर काय करायचं ते सुचेना. घरी जावंसं वाटेना, म्हणून सँट्रीच्या थांब्यावर न उतरता तशीच पुढं शहरात गेले आणि नदीच्या काठानं चालत राहिले. पाणी ओहोटीचं होतं, कडेचा हिरवा चिखल उघडा पडला होता. मला तिला सांगायचं होतं की तुझा चार्जर राहिलाय. मी लिहिलं, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, पावसाळ्यात मी महिनाभर येतेय, बाबांना विचारून ठेव. मेसेज पोचायला अजून खूप तास होते. मी फोन खिशात टाकला आणि पुढचा पूल ओलांडला.